रात्रीच्या आकाशातील हाका

मित्रहो, आत्ता मी तुम्हांला जो आवाज ऐकवला तो जेमतेम पाव सेकंदाचा होता, आणि तुमच्यापैकी अनेकांना तो बेडकाचा वाटला असेल तर त्यात नवल नाही. तो स्वेन्सन्स थ्रश या पक्ष्याचा आहे. शरद ऋतूत हा पक्षी उत्तर अमेरिकेतील जंगले सोडून दक्षिणेकडे निघतो, आणि बहुतेक लहान गायक पक्ष्यांप्रमाणे रात्री उडतो. रात्रीची हवा तुलनेने शांत आणि थंड असते, शिकारी पक्ष्यांचे भय कमी असते आणि दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. दिवसा तासन्‌तास गाणारा हा पक्षी काळोखात उडताना मात्र एवढी एकच आखूड हाक देत जातो. अशा हाका टिपून स्थलांतराचा माग काढणे, हा आजचा विषय आहे.

ही कल्पना नवी नाही. १८९६च्या सप्टेंबरमध्ये ऑरिन लिबी यांनी विस्कॉन्सिनमधील मॅडिसनजवळच्या एका टेकडीवर बसून एका रात्रीत ३,८०० हाका मोजल्या, त्याही केवळ कानांनी. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात इलिनॉयमध्ये रिचर्ड ग्रेबर आणि विल्यम कॉक्रन यांनी आकाशाकडे रोखलेला मायक्रोफोन टेप रेकॉर्डरला जोडून हेच काम यंत्राकडे सोपवले. आवाज टिपता येऊ लागले, तरी त्यांपैकी बहुतेकांना नाव देता येईना, कारण काळोखात पक्षी दिसत नाही. ही गाठ सुटायला दशके लागली. १९८०च्या दशकापासून बिल इव्हान्स यांनी रात्रीची ध्वनिमुद्रणे दिवसा ऐकू येणाऱ्या, पक्षी डोळ्यांसमोर असतानाच्या हाकांशी चिकाटीने जुळवून पाहिली, आणि २००२ साली त्यांनी व मायकेल ओब्रायन यांनी पूर्व उत्तर अमेरिकेतील पक्ष्यांच्या उड्डाण-हाकांचा संग्रह प्रसिद्ध केला. या क्षेत्रातील सर्वांत मोलाचे काम हेच, असे मी मानतो. उपकरणे काय, ती पुढे कोणीही स्वस्त केली असती.

उपकरणांविषयी म्हणूनच थोडक्यात सांगतो. मायक्रोफोन वर तोंड करून, पानांच्या सळसळीपासून आणि रस्त्यापासून दूर ठेवावा, आणि दवापासून त्याचे रक्षण करावे. थ्रशच्या हाका साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतात, तर वॉर्बलर आणि स्पॅरो या लहान गायक पक्ष्यांच्या अनेक हाका ६ ते १० किलोहर्ट्झच्या. ध्वनी टिपताना यंत्र सेकंदाला जितक्या वेळा त्याचे मोजमाप, म्हणजे नमुना, घेते तो आकडा ध्वनीच्या कंपनांच्या दुपटीहून अधिक हवा, त्यामुळे सेकंदाला किमान २२,०५० नमुने घ्यावेत आणि ध्वनी संकुचित न करता साठवावा. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले, तर एका वाहिनीचे सोळा बिटांचे दहा तासांचे मुद्रण सुमारे साडेतीन गिगाबाइट भरते. ते सगळे कानांनी ऐकत बसायचे नसते. स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे ध्वनीच्या चित्रावर, हाक एका लहान रेघेसारखी उमटते आणि सरावलेली नजर तासाभराचे मुद्रण काही मिनिटांत चाळते. युरोपात ऑक्टोबरमध्ये दिसणारी रेडविंग या थ्रशची लांबट, किंचित उतरती रेघ नवख्यालाही लवकर ओळखू येते. काही वॉर्बलरांच्या हाका मात्र एकमेकींशी इतक्या जुळतात की त्यांची नोंद गट म्हणून करणेच प्रामाणिकपणाचे ठरते.

संगणकही आता ही छाननी करतो. तरीही एका प्रदेशातील हाकांवर शिकवलेली प्रणाली दुसऱ्या प्रदेशात तितकी विश्वासार्ह नसते, आणि सप्टेंबरच्या रात्री रातकिडे तिला सतत फसवतात. म्हणून तिच्या प्रत्येक वेचणीवर माणसाची नजर फिरायला हवी.

सर्वाधिक काळजी घ्यावी लागते ती अर्थ लावताना. हाकांची संख्या म्हणजे पक्ष्यांची संख्या नव्हे. एकच पक्षी अनेकदा हाक देतो, तर कित्येक पक्षी हाक न देताच निघून जातात. अमेरिकेतील व्हिरिओ आणि टायरंट फ्लायकॅचर या गटांतले लहान पक्षी रात्री जवळजवळ मूकच असतात. निरभ्र रात्री थवे उंचावरून गेले, तर रडारवर आकाश भरलेले दिसते आणि मायक्रोफोनमध्ये फारसे काही येत नाही. उलट ढग खाली उतरले, खाली दिवे झगमगत असले, की पक्षी खालून उडतात, घुटमळतात आणि हाकांचा पाऊस पडतो. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्याच्या स्मरणार्थ न्यूयॉर्कमध्ये दरवर्षी त्या तारखेला रात्री आकाशात सोडल्या जाणाऱ्या ‘ट्रिब्यूट इन लाइट’ या प्रकाशस्तंभांचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच सांगतो : झोत पेटलेले असताना पक्षी भोवती गोळा होत, घिरट्या घालत आणि हाकांचे प्रमाण वाढे, झोत विझवले की ते पांगत. सात वर्षांतील सात रात्रींत सुमारे ११ लाख पक्ष्यांवर या प्रकाशाचा परिणाम झाल्याचा अंदाज त्या अभ्यासात आहे. शिकागो आणि क्लीव्हलँड येथे इमारतींवर आदळून मेलेल्या पक्ष्यांच्या सुमारे ४० वर्षांच्या नोंदींवरून २०१९ साली असेही दिसले की रात्री हाका देणाऱ्या जाती अधिक आदळतात. सोबत्यांना वाट सांगणारी हाकच, प्रकाशाने भांबावलेल्या पक्ष्याकडून इतरांना त्या सापळ्याकडे ओढत असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे. मला हा विचार अस्वस्थ करतो.

मग हे सारे ऐकायचे कशासाठी? रडार किती पक्षी गेले ते सांगते, पण कोणते गेले ते सांगत नाही. जातीचे नाव हाकेतूनच कळते. एकाच जागी, त्याच उपकरणाने, वर्षानुवर्षे मुद्रण केले, तर एखादी जात यंदा किती दिवस आधी वा उशिरा गेली याची तुलना करता येते. त्यासाठी हाका न मिळालेल्या रात्रीही नोंदवहीत हव्यात, वारा, ढग आणि मुद्रणाचे तास यांसह. न ओळखलेल्या हाका पुसू नका. १९५०च्या दशकात ज्यांना नाव नव्हते, त्यांतील अनेकींना पुढे नाव मिळाले.

आणि यंत्र मध्यरात्री बंद करू नका. पहाटे, उतरण्यापूर्वी, थ्रश बरेचदा खाली येतात आणि त्यांच्या हाका दाटतात. आता शेवटचे मुद्रण ऐकू या. ते सूर्योदयापूर्वीच्या अर्ध्या तासातले आहे. कृपया दिवे मालवा.