लांपांगची मोकळी दुपार

श्रोतेहो, नमस्कार.

थायलंडवर बोलणार आहे म्हटल्यावर शेजारच्या वहिनींनी विचारलं, "पट्टाया का?" नाही. पट्टाया नाही, फुकेत नाही आणि बँकॉकचे मॉलही नाहीत. मी सांगणार आहे लांपांगबद्दल. उत्तर थायलंडमधलं, वांग नदीच्या काठावरचं जिल्ह्याचं गाव. आपल्या रत्नागिरीसारखंच म्हणा ना, फक्त समुद्र नाही. बँकॉकहून चिआंग माईला निघालेले बरेच प्रवासी इथे गाडी थांबते तेव्हा झोपेत असतात. आम्ही उतरलो. आम्ही म्हणजे मी आणि माझी आत्या. आत्याचं वय 69 वर्षं, आणि तिच्या पासपोर्टचं चार महिने.

मुद्दा आधीच सांगून टाकते, कारण मी एकदा गोष्टीत शिरले की मुद्दा बाहेरच राहतो. अशा गावाला जाताना दिवसाचा बेत असा करा: सकाळी एक ठिकाण, संध्याकाळी एक ठिकाण, आणि दुपार मोकळी. पुन्हा सांगते. सकाळी एक, संध्याकाळी एक, दुपार मोकळी. आणि मुक्काम तीन रात्रींचा ठेवा. एका रात्रीत गाव दिसतं, पण ते आपल्याला बघत नाही.

आता जायचं कसं. मुंबईहून बँकॉक विमानाने साडेचार तासांच्या आतबाहेर. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास पुढे. 1 मे 2025 पासून तिथे उतरण्याआधीच्या तीन दिवसांत आगमनाची नोंद ऑनलाइन करावी लागते. ती फुकट असते, तेव्हा तिचे पैसे मागणाऱ्या वेबसाइटच्या नादी लागू नका. पुढे रात्रीची रेल्वे. लांब पल्ल्याच्या गाड्या 2023 च्या जानेवारीपासून क्रुंग थेप अपिवात या नव्या मोठ्या स्टेशनातून सुटतात, जुन्या हुआ लाम्पोंगहून नाही. लांपांग तिथून साधारण 640 किलोमीटर. संध्याकाळी बसायचं, भल्या पहाटे उतरायचं. खालचा बर्थ रुंद असतो आणि थोडा महाग; वयस्क माणूस बरोबर असेल तर तोच घ्या. रेल्वेचा माणूस येऊन गादी-चादर घालून देतो. आत्या त्याला म्हणाली, "राहू दे रे, मी घालते," आणि त्यानेही हसून मान हलवली आणि घातली.

सामान कमी न्या. ही चाकांची बॅग कोणी शोधून काढली कोण जाणे, मला तिचा मनस्वी राग आहे. चाकं आली तशी माणसं दुप्पट सामान भरायला लागली, आणि स्टेशनचा जिना आला की तीच बॅग शेवटी हातातच उचलतात. असो.

कधी जायचं? नोव्हेंबर ते जानेवारी. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत त्या भागात शेतं आणि रानं जाळतात, धूर दरीत साचून राहतो, डोळे चुरचुरतात. खोकला-दमा असेल तर त्या दिवसांत अजिबात नको. आम्ही दिवाळी झाल्यावर गेलो. आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास तिथे लोय क्रथोंग असतो, नदीत दिवे सोडतात. तो मुक्कामात सापडला तर उत्तम.

रत्नागिरीतून बोलतेय, तेव्हा ब्रह्मदेशाचा थिबा राजा टाळता येणार नाही. थिबा पॅलेस आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत बघितलाय. पण तो राजा इथे आला कशामुळे? 1863 साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचं आणि ब्रह्मदेशाच्या दरबाराचं सागाच्या ओंडक्यांवरून भांडण झालं. दरबाराने दंड ठोठावला, इंग्रजांना निमित्त मिळालं, 1885 साली लढाई झाली आणि राजा रत्नागिरीला. तीच कंपनी पुढे सयामच्या, म्हणजे थायलंडच्या, उत्तरेतही साग तोडत होती, आणि लांपांग हे त्या सागाच्या धंद्याचं मोठं ठाणं. ब्रह्मी आणि शान लोक या कामासाठी तिथे गेले, गबर झाले. इतकी झाडं तोडली, झाडांतले आत्मे कोपतील, म्हणून त्यांनी देवळं बांधली असं सांगतात. वाट सी चुम, वाट सी रोंग मुआंग, ही सगळी ब्रह्मी धाटणीची. थिबा 1916 साली इथे रत्नागिरीत वारला, आणि त्याच वर्षी लांपांगला रेल्वे पोचली.

वाट म्हणजे तिकडे देऊळ. आत्या रोज सकाळी विचारायची, "काय गो, आज कुठली वाट लावायची?"

तर सकाळी एक. एका सकाळी वाट फ्रा थात लांपांग लुआंग, गावापासून 18 किलोमीटर, को खा भागात. सोंगथेवने जायचं, म्हणजे दोन बाकांची गाडी, म्हणजे आपली वडाप. तिथल्या एका अंधाऱ्या दालनात भिंतीच्या फटीतून उजेड येतो आणि बाहेरचा सोनेरी स्तूप आत पडद्यावर उलटा दिसतो. त्या दालनात बायकांना प्रवेश नाही. दुसऱ्या विहारात मात्र तसंच चित्र आपल्यालाही बघता येतं. संध्याकाळी एक: शनिवार-रविवारी काद कोंग ता या नदीकाठच्या जुन्या पेठेत बाजार भरतो, तिथे जा. घोडागाडीत बसा. मुंबईची व्हिक्टोरिया गेली, लांपांगची अजून चालते. भाडं आधी ठरवा.

शाकाहाऱ्यांनी 'जे' एवढा शब्द पाठ करावा. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं दिसली की तिथे मांस-मासे नाहीत, पण कांदा-लसूणही नाही. इतरत्र माशाचं पाणी, नाम प्ला, कशातही असतं; भाजीत तर असतंच.

आणि दुपार मोकळी. आता ती गोष्ट.

दुसऱ्या दिवशी मीच माझा नियम मोडला. नदीपलीकडे था मा ओ नावाची जुनी वस्ती आहे. तिथे बान साओ नाक, म्हणजे खूप खांबांचं घर. 1895 सालचं, 116 सागवानी खांबांवर उभं. मी आत्याला म्हटलं, जेवणानंतर पटकन बघून येऊ. आत्याला पडायचं होतं. "पटकन काय बघायचंय? खांब पळून जाणारेत?" तरी निघाली. ऊन चांगलं होतं. गल्ली एकदम निपचित, कुत्रीसुद्धा सावलीला.

एका घरापुढे अंगणात बांबूचे ट्रे मांडलेले. एकावर एक नाही, शिस्तीत ओळीने. वर तळहाताएवढ्या गोल चकत्या, थोड्या गुलाबीसर. आत्या थांबली. मी चार पावलं पुढे गेले, मागे वळून बघते तर ही फाटकाशी उभी, कमरेवर हात. "वाळवण," ती म्हणाली. शाळेतली मैत्रीण भेटावी तशी म्हणाली.

मी म्हटलं, "हो, ते खाओ तेन असतं. चिकट भाताचं. चल."

"भाताचं? गुलाबी कसं?"

"कलिंगडाचा रस घालतात."

"कलिंगड!" म्हणजे आता हलायला नको. तेवढ्यात उजेड मंदावला. नोव्हेंबरातला पाऊस, आला तर दहा मिनिटांचा, पण यायचा तो न सांगता. टपकन एक थेंब माझ्या हातावर पडला. मी छत्री उघडेपर्यंत आत्या फाटकाच्या आत.

श्रोतेहो, तुमच्यापैकी ज्यांनी गच्चीवर कुरडया राखल्यात त्यांना हे समजावून सांगायला नको. ते आपलं वाळवण की परक्याचं, देश कुठला, तिथे विचारायचं कोणाला, यातलं काही त्या वेळी डोक्यात येत नाही. आत्याने पदर खोचला, पहिला ट्रे उचलला आणि ओरडली, "अहो! पाऊस आला! आत कोण आहे? पाऊस!"

आतून एक बाई धावत आली. साठीची असेल, केसांना पंचा गुंडाळलेला. तिने काय बघितलं असेल विचार करा. आपल्या अंगणात साडी नेसलेली एक अनोळखी म्हातारी, हातात आपला ट्रे, आणि ती ट्रे घेऊन आपल्याच घरात शिरतेय. बाई क्षणभर जागच्या जागी थांबली. मला वाटलं, आता पोलीस. मग तिने आभाळाकडे बघितलं, काहीतरी मोठ्याने बोलली, आणि दुसरा ट्रे उचलला.

पुढची पाच मिनिटं कोणी कोणाशी बोललं नाही. आत्या आणते, बाई पडवीत रचते, मी दोघींच्या मध्ये येते. शेवटून दुसरा ट्रे माझ्या हातून कलंडला. आत्याने माझ्याकडे जे बघितलं, तसंच्या तसं त्या बाईनेही बघितलं. आणि पाऊस कोसळला.

पडवीत तिघी बसलो. बाईने पाणी दिलं. भाषेचं म्हणाल तर आत्या मराठीत बोलत होती, बाई तिच्या उत्तरेकडच्या बोलीत, आणि माझं भाषांतराचं ॲप दोघींनाही कळेना. ॲप म्हणालं, "तांदूळ दुःखी आहे." मी फोन पिशवीत टाकला.

मग आत्याने ट्रेमधली एक चकती उचलली. कानाजवळ नेली. आणि मोडली. टक् असा आवाज यायला हवा. आला नाही. मऊसा, दबका आवाज आला. आत्या म्हणाली, "अजून एक ऊन हवं." बाई हसायला लागली. इतकी हसली की पंचा सुटला. मग तिने खालच्या ट्रेमधली दुसरी चकती घेतली, स्वतःच्या कानाजवळ नेली आणि तशीच मोडली. टक्. हिला ऊन पुरलं होतं. बाई मान डोलावत आत्याच्या कानाशी आणखी एक घेऊन आली. टक्.

त्यानंतर मला तिथे काही काम नव्हतं. दोघी स्वयंपाकघरात. बाईने कढई ठेवली, चकत्या तळल्या. भाताचा दाणा न दाणा फुलतो. वरून काकवीची वेलांटी ओढली. आत्याने एक खाल्ली आणि हाताने खूण केली, तेल अजून तापव. पाहुणी म्हणून गेलेल्या घरात! मी डोळे वटारले. बाईने गॅस मोठा केला, पुढची तळली, खाल्ली आणि आत्याच्या दंडावर एक चापट मारली.

पैसे देऊ केले, घेतले नाहीत. बान साओ नाक राहून गेलं. संध्याकाळचा बाजारही राहून गेला. आम्ही तीन रात्रींच्या चार रात्री केल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तर शेजारची गादी रिकामी. चप्पल नाही. जिवात जीव नव्हता. मग लक्षात आलं कुठे जायचं ते. पूल ओलांडून गल्लीत पोचले तेव्हा आठ वाजायला आले होते. अंगणात दोघी, ट्रे उन्हात मांडताहेत. तेवढ्यात वस्तीतल्या भोंग्यावर त्यांचं राष्ट्रगीत सुरू झालं. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला ते लागतं, आणि लोक असतील तिथे उभे राहतात. बाई ट्रे धरून सरळ उभी. तिच्याकडे बघून आत्याही उभी, ट्रेचं दुसरं टोक धरून. ट्रेवर पन्नासेक चकत्या. एक हलली नाही. गीत संपलं, आत्या म्हणाली, "हां, ठेव आता हळू," आणि बाईने ठेवला.

वेळ संपत आली, थोडं राहिलंय. तिथून चिआंग माईला दिवसाच्या गाडीने जा, दोन-अडीच तास लागतात. वाटेत खुन तानचा डोंगर लागतो. तिथला बोगदा 1,352 मीटर, कित्येक दशकं देशातला सगळ्यात लांब. मी आत्याला कौतुकाने सांगितलं. ती आपल्या कोकण रेल्वेवरचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा शेकडो वेळा ओलांडलेली बाई. गाडी बाहेर आली तेव्हा म्हणाली, "झाला?"

परत आल्यावर एप्रिलमध्ये आत्याने फेण्यांच्या पिठात कलिंगडाचा रस घातला. रंग सुरेख आला. पहिल्याच दिवशी मुंग्या लागल्या, गच्चीच्या कठड्यापासून रांग. आत्याचं म्हणणं, ट्रेच्या पायांखाली तिथे काहीतरी ठेवलेलं होतं, वाट्या होत्या की काय, ते मी नीट बघायला हवं होतं. मी म्हटलं, पाण्याच्या वाट्या ठेव. ती म्हणाली, ते मला ठाऊक आहे, पण तिच्या वाट्यांत पाणी नव्हतं. पासपोर्ट 2035 पर्यंत आहे. पुढच्या नोव्हेंबरची तिकिटं बघायला सांगितलंय.

नमस्कार.