लिंबू शेवटी पिळावे

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचे आहे ते लिंबाविषयी, आणि मुख्य सांगणे एकच आहे: लिंबू शेवटी पिळावे, भांडे आचेवरून उतरवल्यानंतर पिळावे. याचे कारण सांगण्यापूर्वी एक हकिकत ऐका.

१७४७ साली ‘सॉल्सबरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड नावाचे शल्यवैद्य होते. महिनोन्‌महिने ताजी भाजी-फळे न मिळाल्याने खलाशांच्या हिरड्या सुजून त्यांतून रक्त येई आणि अंगातले त्राण जाई. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. लिंड यांनी १२ रोगी निवडले, सर्वांना जेवण सारखेच ठेवले आणि दोन-दोनांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. कोणाला व्हिनेगर, कोणाला पातळ केलेले गंधकाम्ल, कोणाला तर चक्क समुद्राचे पाणी! एका जोडीला मात्र रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळाले. सहा दिवसांत फळे संपली. पण तेवढ्यात त्यांतला एक जण कामावर रुजू होण्याइतका बरा झाला आणि दुसऱ्याला इतर आजाऱ्यांच्या शुश्रूषेला नेमण्यात आले. लिंड यांचा ग्रंथ १७५३ साली निघाला, आरमाराने लिंबाचा रस सर्रास देण्याचे ठरवले ते १७९५ साली. सरकारी कागद तेव्हाही सावकाशच चालत असावा.

गंमत पुढे आहे. रस टिकावा म्हणून लिंड यांनी स्वतःच तो तापवून आटवण्याची कृती सुचवली, आणि त्या उष्णतेने त्यातले ‘क’ जीवनसत्त्व बहुतांशी नष्ट होई. ज्या गृहस्थाने लिंबाचा गुण दाखवला, त्यानेच तो आटवून घालवला!

म्हणून पुन्हा सांगतो, वरण उकळत असताना नव्हे, ताटात वाढल्यावर लिंबू पिळावे. १०० ग्रॅम रसात साधारण ३० ते ४० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते आणि प्रौढ माणसाची रोजची गरज ६५ ते ८० मिलिग्रॅम आहे; अर्थात एका फोडीने ती भागत नाही, आणि पेरू व आवळा या बाबतीत लिंबाच्या बरेच पुढे आहेत. मात्र डाळी, पालेभाज्या आणि पोहे यांतले लोह शरीरात शोषले जाण्यास ही फोड मदत करते. म्हणूनच आमच्या पुण्यातल्या काही उपाहारगृहांत पोह्यांवर लिंबाची जी कागदासारखी पातळ चकती ठेवतात, ती मला कंजूषपणाची परिसीमा वाटते.

लिंबातल्या सायट्रेटमुळे काही प्रकारचे मूतखडे होण्यास आळा बसतो. सकाळी कोमट पाण्यात लिंबू घेतल्याने चरबी वितळते, या समजुतीला मात्र आधार नाही. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी ते बेताने घ्यावे, आणि आम्लाने दातांची झीज होते म्हणून सरबत प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी. नमस्कार.