सातबाऱ्यावरचं पाणी

(ठाणे खाडी, ऐरोलीजवळ. ओहोटी.)

पाणी उतरलं, चिखल उघडा पडला, आणि रोहितांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, पंगत बसली. हा जवळचा पक्षी नीट पाहा. डोकं पार उलटं केलंय. जीभ सारखी हलतेय. पाणी आत ओढायचं, बाहेर टाकायचं. चोचीच्या कडेला झालर असते, तिच्यात शेवाळाचे बारीक कण अडकतात. तेच याचं जेवण. गडद चोचीचा हा लहान रोहित. मागे उंच, फिकट, चोच फक्त टोकाशी काळी असलेला तो मोठा रोहित.

(खारफुटीतून जाणारी होडी. कडेला हद्दीचा खांब.)

हा खांब सहजासहजी उभा राहिलेला नाही. खारफुटीवर भराव पडत होते, तेव्हा पर्यावरणप्रेमी मुंबई उच्च न्यायालयात गेले. २००५ मध्ये न्यायालयाने आदेश दिला: सरकारी जमिनीवरची खारफुटी संरक्षित वन म्हणून जाहीर करा. मग गट नंबर शोधले गेले, नकाशे जुळवले गेले, जमिनी टप्प्याटप्प्याने वनखात्याकडे येऊ लागल्या. २०१२ मध्ये खारफुटी सांभाळायला वनखात्याचा कांदळवन कक्ष स्थापन झाला. २०१८ च्या अंतिम निकालात न्यायालयाने खारफुटीभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही जपायला सांगितला.

याच वाटेवर ६ ऑगस्ट २०१५ चा दिवस येतो. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधली, खाडीच्या पश्चिम बाजूची सुमारे १,६९० हेक्टर जागा 'ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य' म्हणून राजपत्रात आली. त्यात ८९६ हेक्टर खारफुटी आणि ७९४ हेक्टर पाणी. पाण्याचा हा आकडा लक्षात ठेवा. इथे कायद्याने झाडांइतकंच पाणीही मोजलं. २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, मानही मिळाला.

(भरती. थवा उठतो. हे दृश्य पूर्ण चालू द्यावं, निवेदन नको.)

(नेरूळ. डीपीएस तलाव. मागे इमारती.)

भरतीला चिखल बुडतो. उधाणाच्या दिवसांत तर उभं राहायलाही जागा उरत नाही. तेव्हा थवे इथे येतात, घोट्याइतक्या पाण्यात, एका पायावर, पाणी उतरेपर्यंत. खाडीत जेवण आणि इथे विसावा, असा त्यांचा रोजचा क्रम. पण विसाव्याची ही जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे. सुमारे ३० एकरांचं तळं, जमीन सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची. खारफुटीला न्यायालयाचं कवच मिळालं. उघड्या पाण्यावर झाडच नाही, म्हणून ते तसंच राहिलं.

(बुजलेला पाण्याचा मार्ग, जवळून. हिरवा थर.)

हे तळं भरतीवर जगतं. खाडीचं पाणी आत येण्याची वाट बुजली, तेव्हा तळं आटलं, शेवाळाचा थर चढला. २०२४ च्या उन्हाळ्यात इथे रोहित मेले.

(रहिवासी फलक धरून उभे.)

त्यानंतर तळ्याला कायद्याचं संरक्षण देण्याच्या मागणीने जोर धरला. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३६ अ मध्ये 'संवर्धन राखीव' अशी तरतूद आहे. सरकारी मालकीची, विशेषतः अभयारण्याला किंवा राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेली किंवा अशा दोन क्षेत्रांना जोडणारी जागा राज्य सरकार स्थानिकांशी बोलून राखीव करू शकतं. व्यवस्थापनाच्या सल्ल्यासाठी समिती नेमावी लागते, आणि तिच्यात वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे तीन प्रतिनिधी असतात. म्हणजे आज फलक धरलेल्यांपैकी कुणी उद्या त्या टेबलाशी बसू शकेल. २०२५ मध्ये राज्य सरकारने या तळ्याच्या प्रस्तावाला हिरवा कंदील दाखवला.

खाडीवर पोट असलेल्या कोळी-आगरी मासेमारांचं म्हणणंही या सल्लामसलतीत यायला हवं.

(नकाशा. तळ्यापासून खाडीकडे जाणारी रेघ.)

आमचा आग्रह या रेघेसाठी आहे. तळं राखलं आणि भरतीची वाट हद्दीबाहेर सोडली, तर उद्या कुणीही ती पुन्हा बुजवेल आणि तळं कोरडं पडेल. म्हणून अधिसूचनेत चतु:सीमा लिहिताना तळ्याच्या जमिनीबरोबर ही पाण्याची वाटही धरावी, आणि ती मोकळी ठेवण्याची जबाबदारी कुणाची, हे त्याच कागदावर लिहावं.