एका केबलचे चार फाटे

डेटा सेंटरमधल्या रॅकच्या, म्हणजे सर्व्हर बसवायच्या उभ्या चौकटीच्या, मागच्या बाजूने पाहू या. सर्व्हरना नेटवर्कला जोडणाऱ्या स्विचच्या एका पोर्टमधून निघालेली ही केबल पुढे जाऊन फुटते आणि तिच्यातून चार बारीक फाटे निघतात. ही ब्रेकआउट केबल. इकडे एकच एमपीओ कनेक्टर, म्हणजे अनेक काचतंतू एकत्र जोडणारा; तिकडे चार एलसी ड्युप्लेक्स, म्हणजे दोन-दोन तंतूंचे छोटे कनेक्टर. सेकंदाला 40 गिगाबिटचा एक पोर्ट 10-10 गिगाबिटच्या चार सर्व्हरना वाटून दिला जातो; 100 चा असेल तर 25-25 च्या चार. 12 तंतूंच्या कनेक्टरमधले 8 तंतूच इथे कामाला येतात. एका कडेचे चार प्रकाश पाठवतात, दुसऱ्या कडेचे चार घेतात आणि मधले चार अंधारातच राहतात.

आता 32 पोर्टचा स्विच घ्या. सगळे पोर्ट असे फोडले, तर 128 फाटे होतात. गुंता होतो तो इथे.

पहिलं लक्ष द्यायचं ते केबल फुटते त्या जाडसर सांध्याकडे. तो लोंबकळत राहिला, तर त्याचं वजन बारीक फाट्यांवर आणि कनेक्टरवर येतं. म्हणून आधी सांधा उभ्या केबल मॅनेजरला, म्हणजे रॅकच्या कडेला केबल धरून ठेवणाऱ्या पन्हळीला, बांधायचा, मगच फाटे पसरायचे. फाट्यांची लांबीही मोजूनच मागवावी. उरलेल्या लांबीची वेटोळी सर्व्हरच्या मागे साठली, की गरम हवेची वाट अडते.

बांधायला वेल्क्रोच वापरा. प्लास्टिकचा झिप टाय आवळला की तंतू तुटत नाही, पण दाबाने त्याला सूक्ष्म बाक येतो आणि प्रकाश बाहेर गळतो. लिंक चालू दिसते, अधूनमधून चुका येत राहतात. असा दोष शोधताना माणूस थकून जातो. वळणालाही मर्यादा आहे: नुसत्या ठेवलेल्या केबलच्या वळणाची त्रिज्या तिच्या व्यासाच्या किमान 10 पट हवी, ओढताना 20 पट.

लेबल प्रत्येक फाट्याला हवं, दोन्ही टोकांना. पोर्ट क्रमांक आणि त्यातला 1 ते 4 पैकी कितवा फाटा, हे त्यावर असावं. एक एमपीओ निघाला की चार सर्व्हर एकदम तुटतात. त्यामुळे एकमेकांना पर्याय म्हणून ठेवलेले दोन सर्व्हर एकाच ब्रेकआउटवर कधीच जोडू नयेत. केबल कितीही देखणी बांधली, तरी ही चूक झाकली जात नाही.

जोडण्याआधी प्रत्येक टोक तपासून पुसायचं. सिंगल मोड तंतूचा, म्हणजे प्रकाश एकाच वाटेने नेणाऱ्या तंतूचा, गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा. धुळीचा एक कण त्याला पुरतो. वापरात नसलेल्या फाट्याला टोपी घाला आणि लेबलसकट बाजूच्या मॅनेजरमध्ये सैल गुंडाळून ठेवा. नवा सर्व्हर आला, की तोच लागणार आहे.