किल्ली पिशवीत

श्रोतेहो, नमस्कार.

कर्नाटकात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली ती २०१६ साली. पुढं १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायचे प्लॅस्टिकचे कप, चमचे, स्ट्रॉ देशभर बंद झाले. तरी संध्याकाळी आपल्या बेळगावच्या गणपत गल्लीत एक फेरी मारून बघा. कोथिंबिरीच्या जुडीला एक पिशवी, मिरचीला दुसरी. हौस म्हणून कुणी घेत नाही. घरची पिशवी घरी राहिली, म्हणून घेतो. तेवढंच कारण.

माझी आत्या वडगावची. घरात माग, त्यामुळं कापडाच्या पिशव्यांना तोटा नव्हता. पण आतोबा पिशवी न्यायला तयार नसत. बाजारातून यायचे ते दोन्ही हातांत प्लॅस्टिक घेऊन. आत्या भांडली नाही. एके दिवशी तिनं स्कूटरची किल्ली पिशवीत टाकली आणि पिशवी दाराजवळच्या खुंटीला लावली. आतोबांनी फडताळ धुंडाळलं, शर्टाचे खिसे चाचपले.

"किल्ली कुठाय गं?"

"पिशवीत हाय की."

त्यांनी किल्ली काढली, पिशवी तिथंच ठेवली आणि गेले. दुसऱ्या दिवशी आत्यानं मागावरच्या सुतानं किल्ली पिशवीच्या बंदालाच बांधून टाकली, चांगली निरगाठ मारून. मी विचारलं तर म्हणाली, "मी काय रोज सांगत बसतो व्हय?" आतोबा निघाले. किल्ली स्कूटरला आणि पिशवी गुडघ्यापाशी लोंबकळतेय! भाजीवालीनं काही न विचारता वांगी त्या पिशवीतच ओतली. महिनाभरानं तेच आत्याला म्हणाले, "आणि एक शीव. कांदे-बटाट्याला वेगळी पाहिजे."

म्हणून सांगतो, किल्ली पिशवीत ठेवा. स्कूटरची असो, कुलपाची असो, किल्ली पिशवीत आणि पिशवी दाराजवळच्या खुंटीला.

बळ्ळारी नाला आपण सगळे बघतो. गाळ, जलपर्णी आणि त्यात अडकलेलं प्लॅस्टिक. पावसाळ्यात पाणी तुंबतं आणि शहापूर-वडगावच्या भातात शिरतं. लावणी केलेलं शेत पाण्याखाली गेलं की त्या शेतकऱ्यानं कुणाकडं बघायचं?

विषय निघालाय म्हणून बोलतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकच्या वाट्या, डबे वाटायचं आता थांबवा. ते कुणाच्या घरी वापरात येत नाहीत. शेरभर तांदूळ मावेल अशी सुती पिशवी द्या, बाई वर्षभर नाव काढेल. आणि सत्काराचा गुच्छ चकचकीत कागदात गुंडाळायचा तो कशाला? फुलं उघडीच छान दिसतात.

आणखी एक. दुकानात मिळते ती रंगीत, कापडासारखी दिसणारी पातळ पिशवी कापडाची नसते. तीही प्लॅस्टिकचीच. उजेडात धरून बघा. उभा-आडवा धागा दिसला तर विणलेलं कापड. नुसता दाबलेला तंतूंचा थर दिसला, तर ती नको.

मासळीला, मटणाला झाकणाचा स्टीलचा डबा न्या. पिशवी आठवड्याला धुवा, उन्हात वाळवा. घरी शिवणार असाल तर जुन्या सुती साडीचे काठ बंदांसाठी राखून ठेवा. हे बंद पिशवीच्या तळाखालून फिरवून शिवा. नुसते तोंडाशी टाचले, तर पाच किलो बटाट्यांनी तिथंच उसवतात.