लांबचा रस्ता, लवकर पोहोच

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेत मुलंबाळं असलेली घरं आता महाराष्ट्रात गावोगाव सापडतात. त्या घरांमध्ये एक प्रश्न हमखास विचारला जातो : विमानाला किती तास लागतात? जाताना एक उत्तर मिळतं, येताना दुसरं. विमानतळ तर तेच, मग तास का बदलतात?

पृथ्वीगोल घ्या आणि दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को असा दोरा ताणून धरा. सपाट नकाशामुळे आपल्याला वाटतं, विमान युरोप आणि अटलांटिक ओलांडून जाणार. दोरा मात्र उत्तरेला चढतो, सैबेरियावरून आर्क्टिक महासागर गाठतो आणि अलास्काच्या बाजूने खाली उतरतो. हेच सर्वांत कमी अंतर, सुमारे १२,४०० किलोमीटर.

पण विमान नेहमी या दोऱ्यावरून जात नाही. एअर इंडियाचं या मार्गावरचं विमान आधी अटलांटिकवरून जायचं, अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६मध्ये ते उलट दिशेने, म्हणजे पूर्वेकडे पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून १५,३०० किलोमीटरच्या आसपास गेलं, आणि तरी प्रवास साधारण दोन तासांनी कमी होऊन साडेचौदा तासांवर आला! मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

हे घडवलं वाऱ्याने. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे वेगवान झोत वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो, ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. पूर्वेला निघालेल्या विमानाला मागून रेटा मिळतो, पश्चिमेला निघालेल्याला तोच वारा समोरून अडवतो. फेब्रुवारी २०२०मध्ये वादळाच्या दिवसांत न्यूयॉर्कहून निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं विमान पाच तासांच्या आत लंडनला पोहोचलं होतं. मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना येतानापेक्षा जास्त वेळ लागतो, तोही याच वाऱ्यामुळे. पृथ्वी फिरते म्हणून असं होतं, असं बरेच जण सांगतात. ते खरं नाही. पृथ्वीबरोबर हवाही फिरतच असते.

वाऱ्याइतकीच सत्ता सरहद्दींची. रशियाने २०२२मध्ये युरोपीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा हेलसिंकी ते टोकियो हा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, आणि दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी वाटेत उतरावं लागलं. वळसा पडला की इंधन वाढतं, इंधन वाढलं की वजन वाढतं, आणि त्या वजनापायी प्रवासी किंवा सामान कमी घ्यावं लागतं.

आता तिकिटाकडे वळू. त्यावरच्या दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. समजा, मे महिन्यात विमान दिल्लीहून पहाटे चारला निघालं आणि साडेचौदा तास लागले. सॅन फ्रान्सिस्को तेव्हा आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं, म्हणून तिकिटावर पोहोचण्याची वेळ दिसेल त्याच दिवशी सकाळी सहा. पहाटे चारला निघून सहाला पोहोच! तुमच्या घड्याळात मात्र संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतील. त्यानंतर इमिग्रेशनची रांग आणि सामान यांत तास-दीड तास सहज जातो, तेव्हा मुलीच्या फोनची काळजी रात्री आठच्या आत सुरू करू नका.