कोपऱ्यात भिरकावलेले दप्तर

कर्नाटकातील निपाणीत एका घराच्या सोप्यात संध्याकाळ उतरली आहे. मांडीवर सूप घेऊन आई विड्या वळते आहे. भिजवून मऊ केलेले पान, चिमूटभर तंबाखू, दोऱ्याचा फेरा, बोटांना उसंत नाही. दहावीतला मुलगा आत येतो, दप्तर कोपऱ्यात भिरकावतो आणि भिंतीकडे तोंड करून बसतो.

अशा वेळी पुष्कळ घरांत "गप ऊठ, एवढ्यातेवढ्यावरून तोंड पाडायचं नाही" असे ऐकू येते. त्यामागे दुष्टपणा नसतो. राग आणि रडू म्हणजे लवकरात लवकर घालवून द्यायची पीडा, हेच त्या आईच्याही मनावर लहानपणी बिंबवलेले असते. या घरातील आई मात्र हातातील विडी पुरी करते, सूप बाजूला ठेवते आणि विचारते, "राग आलाय न्हवं? कुणी काय बोललं?" दप्तर ती त्यालाच उचलायला लावते, कारण राग समजून घेणे म्हणजे आदळआपट चालवून घेणे नव्हे.

भावनांविषयी पालकांच्या मनात असलेल्या या धारणेचा अभ्यास अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन, लिन कॅट्झ आणि कॅरोल हूवन यांनी १९९६ मध्ये मांडला, तेव्हा त्यांच्यासमोर लहान मुले होती. पुढे कॅट्झ आणि हंटर यांनी २००७ मध्ये किशोरवयीन मुले आणि त्यांच्या आया यांच्याविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या आया स्वतःच्या भावनांचा मोकळेपणाने स्वीकार करीत होत्या, त्यांच्या मुलांमध्ये नैराश्याची लक्षणे आणि बेशिस्त वागणे कमी, तर आत्मसन्मान अधिक आढळला. अर्थात, हा नुसता संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही. मूल बिघडले की आईला दोषी धरण्याचा परवाना नव्हे. तापट मुलाला सांभाळताना आईचेही मन घडत-बिघडत असते, आणि वडिलांना यातून अंग काढून घेता येत नाही.

मला यातील 'स्वतःच्या' हा शब्द फार मोलाचा वाटतो. दिवसभर विड्यांची मोजदाद करणाऱ्या, खानापूरच्या शेतात भात लावणाऱ्या किंवा बेळगावच्या वडगावात मागाच्या खडखडाटात राबणाऱ्या बाईला, तुला काय वाटते, असे कोणी कधी विचारलेले असते?

सोप्यात बराच वेळ शांतता आहे. मग मुलगा पुटपुटतो, "कन्नडात नापास झालोय."

आई पुन्हा सूप मांडीवर घेत नाही. "माझी शाळा सोडवली तवा," ती म्हणते, "मी दोन दिस जेवले न्हवते."

मुलगा पहिल्यांदाच तिच्याकडे वळून पाहतो.